सोपा पेपर कोणाला सोपा?

(कांजूरमार्ग येथे भांडुप, विक्रोळी आणि कांजूरच्या वस्तीगटांतल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



विषय ऐकून काही जणी एकमेकींकडे बघून हसलात. ‘लॉ सीईटीचे गुण आणि काठिण्य’ हा काय बायकांच्या शिबिराचा विषय झाला? रेशन, पाणी, नवऱ्याची मारहाण, झोपडी तुटणं यावर आपण बोलतो. प्रवेश परीक्षेचं क्लासवाल्यांनी बघावं.

पण जरा विचार करा. या सगळ्या प्रश्नांच्या शेवटी आपण कुठे जाऊन पोचतो? पोलीस ठाण्यात आणि कोर्टात. तिथे आपल्याबरोबर उभं राहणारं माणूस कोण असतं? बहुतेक वेळा आपल्या वस्तीशी काही संबंध नसलेलं. कांजूरच्याच जमिनीचं घ्या. २०२० साली मेट्रो कारशेडचा वाद उच्च न्यायालयात गेला, काम थांबलं. डम्पिंग ग्राउंडचा वादही कोर्टात गेला. त्या कचऱ्याचा वास आपल्या घरात येतो, पण त्यावर बोलायला काळा कोट घालून उभी राहिलेली आपल्या गल्लीतली बाई किती वेळा पाहिली? २०२१ साली तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की देशातल्या वकिलांमध्ये स्त्रिया फक्त १५ टक्के आहेत. त्या १५ टक्क्यांत मराठी माध्यमात शिकलेल्या, चाळीतल्या, दलित-बहुजन घरांतल्या किती, ते आपणच ओळखायचं.

म्हणून आपल्यातल्या बायका-मुलींनी कायदा शिकावा, असं आपण गेली काही वर्षं म्हणतोय. आणि म्हटलं की मध्ये दार येतं ते या परीक्षेचं.

बाईला परीक्षेच्या दारात अडवणं नवीन नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण बाई म्हणून पदवी मिळाली नाही, त्यासाठी आणखी ३० वर्षं थांबावं लागलं. आपल्या देशात स्त्रियांना वकिली करायचा हक्क मिळाला तो १९२३ च्या कायद्याने. तेव्हा ‘बायकांना प्रवेश नाही’ असं उघड लिहिलेलं असायचं, म्हणून त्याविरुद्ध लढताही आलं. आज तसं कुठेही लिहिलेलं नाही. आज गुणांची यादी लागते, तुझं नाव खाली असतं आणि तुला वाटतं, चूक माझीच. मला आज याच वाटण्याबद्दल बोलायचंय.

आधी परीक्षा काय आहे ते समजून घेऊ. महाराष्ट्रात लॉची सीईटी २०१६ पासून आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्याची एक आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, त्याची दुसरी. आपल्यातल्या बहुतेक जणी तीन वर्षांच्या वाटेने जाणार, म्हणून मी त्याबद्दल जास्त बोलते. परीक्षा संगणकावर होते. सुरुवातीला १५० प्रश्न आणि दोन तास असा हिशोब होता. २०२५ पासून प्रश्न १२० केले, वेळ दोनच तास. म्हणजे आधी एका प्रश्नाला ४८ सेकंद मिळत, आता एक मिनिट मिळतं. चार पर्याय, एक बरोबर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पेपर इंग्रजी आणि मराठी दोन्हींत असतो.

हे ऐकून कोणीही म्हणेल, मग अवघड काय आहे? क्लासवालेही दर वर्षी परीक्षा संपली की सांगतात, ‘पेपर सोपा ते मध्यम होता.’ मी विचारते, कोणाला सोपा?

तीन वर्षांच्या सीईटीत १५० पैकी ५० प्रश्न इंग्रजी भाषेचे होते. १२० झाले तेव्हा ४० राहिले. म्हणजे आधीही एक तृतीयांश आणि नंतरही एक तृतीयांश. बाकीचा पेपर मराठीत वाचता येतो, पण हा तुकडा इंग्रजीच. आता हिशोब मांडू. समजा सुमन आणि शीतल दोघी परीक्षेला बसल्या. कायदा, सामान्य ज्ञान आणि तर्क यांच्या ८० प्रश्नांत सुमनला ६० मिळाले, शीतलला ५०. सुमन मराठी माध्यमातली, इंग्रजीचे ४० प्रश्न तिने अंदाजाने सोडवले. चारात एक या नात्याने साधारण १० बरोबर येतात. शीतल इंग्रजी माध्यमातली, तिला ३४ मिळाले. सुमनचे झाले ७० आणि शीतलचे ८४. कायद्याच्या बाजूने पुढे असलेली सुमन एकूण यादीत १४ गुणांनी मागे गेली. ‘मला कायदा जमणार नाही’ असं सुमन घरी जाऊन सांगते. खरं तर तिला कायदा जमत होता. तिचे गुण गेले शब्दार्थ आणि व्याकरणात.

इंग्रजी नकोच, असं मी म्हणत नाही. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, निवाडे इंग्रजीत असतात. इंग्रजी शिकायलाच हवं. पण ते कॉलेजात शिकवता येतं. आत यायच्या आधीच ते यायला हवं असं म्हटलं, की शाळा कुठली होती यावर निकाल लागतो.

मराठीचंही एक सांगते. पेपर मराठीत आहे म्हणून सोपा, असं समजू नका. ती मराठी तुमची-माझी नसते. ‘कॉन्ट्रॅक्ट’ला तिथे ‘संविदा’ म्हणतात, ‘टॉर्ट’ला ‘अपकृत्य’. आमच्या केंद्रावर येणारी एक मैत्रीण कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात इतकी तयार आहे की दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज कसा करायचा, संरक्षण अधिकारी कशासाठी असतात, घरात राहण्याचा हक्क म्हणजे काय, हे झोपेतून उठवलं तरी सांगेल. सराव परीक्षेत ‘अपकृत्य’ शब्दाला अडली आणि पाच प्रश्न सोडून पुढे गेली. त्याच प्रश्नातली गोष्ट मी बोलीत सांगितली, शेजाऱ्याच्या हलगर्जीपणाने आपली भिंत पडली तर भरपाई मागता येते का, तर तिने लगेच उत्तर दिलं. म्हणून तयारी करताना शब्दांची वही करा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, खाली आपल्या बोलीतला अर्थ. आणि रद्दीतली जुनी गाईडं घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेलं ४९८ अ आता तिथे कलम ८५ आहे.

आता गुणांबद्दल. परीक्षा अनेक सत्रांत घेतली जाते तेव्हा प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये देतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. समजा तुझ्या सत्रात १००० जणी-जण बसले आणि ८५० जणांचे गुण तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी आहेत, तर तुझं पर्सेंटाइल ८५. तुला १२० पैकी ६५ असोत की ९०. यातून दोन गोष्टी निघतात. पेपर अवघड गेला म्हणून रडत घरी यायचं कारण नाही, तो सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. आणि पेपर सोपा आला म्हणून खूश व्हायचंही कारण नाही. सोप्या पेपरात सगळ्यांचे गुण वर जातात, एकेका गुणावर शेकडो जण गोळा होतात आणि दोन चुका झाल्या की माणूस खूप खाली जातो. सोपा पेपर ज्यांचा वेग जास्त आहे त्यांच्या फायद्याचा. वेग येतो सरावाने, सराव येतो वेळेने. आणि बाईच्या घरात सगळ्यात टंचाई कशाची, तर वेळेची. पाणी यायच्या वेळा ठरलेल्या, डब्याच्या ठरलेल्या, अभ्यासाची मात्र उरली तर.

दुसरी परीक्षा क्लॅट. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायची वाट तिच्यातून जाते. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे अशी विद्यापीठं आहेत. क्लॅट २००८ साली सुरू झाली तेव्हापासून इंग्रजीतूनच घेतली गेली आहे. भारतीय भाषांतूनही घ्या, म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात याचिकाही झाली. २०१९ पर्यंत तिथे दोन तासांत २०० प्रश्न असत, बरेचसे पाठांतराचे. २०२० पासून १५० झाले आणि सगळा पेपर उताऱ्यांवर आला. डिसेंबर २०२३ च्या परीक्षेपासून १२० प्रश्न झाले. कागदावर बघितलं तर प्रश्नामागे ३६ सेकंदांवरून ६० सेकंदांवर आलो. पण आता प्रत्येक गटाआधी साडेचारशे शब्दांपर्यंतचा इंग्रजी उतारा वाचायचा असतो. पाठांतर करून वर येणाऱ्या मुलीची वाट बंद झाली. लहानपणापासून इंग्रजी वर्तमानपत्र घरी येणाऱ्याची वाट रुंद झाली. यालाच क्लासवाले ‘पेपर सोपा झाला’ म्हणतात.

क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. इथे बाईपणाचा प्रश्न सरळ येतो. अमेरिकेत कॅथरिन बाल्डिगा या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी एक प्रयोग केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चुकीला दंड असेल तर तेवढंच ज्ञान असलेल्या पुरुषांपेक्षा बायका जास्त प्रश्न कोरे सोडतात, असं त्यात दिसलं. दंड काढला की हा फरक राहत नाही. चिली देशाने विद्यापीठ प्रवेश परीक्षेतला दंड काढून टाकला, तेव्हा तिथेही कोरे प्रश्न सोडण्यातलं स्त्री-पुरुष अंतर खूप कमी झालं. हे वाचलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. ‘खात्री नसेल तर बोलू नकोस’ हे मुलीला पाळण्यातच शिकवतात. मुलगा ठोकून देतो. त्याला धीट म्हणतात, तिला आगाऊ.

म्हणून हिशोब शिका. चार पर्याय, बरोबरला एक गुण, चुकीला पाव गुण. डोळे मिटून ठोकलं तरी सरासरी तोटा होत नाही, किंचित फायदाच होतो. दोन पर्याय नक्की चूक आहेत एवढं कळलं, तर उरलेल्या दोनांतून निवडण्यात सरासरी गुणाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फायदा आहे. आणि आपल्या सीईटीत तर दंडच नाही. तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. २० प्रश्न कोरे सोडले तर सरासरी ५ गुण आपण हाताने फेकून दिले. शेवटची पाच मिनिटं फक्त उरलेले प्रश्न भरायला ठेवा. आमच्या सराव परीक्षांत ही एक गोष्ट शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ‘ताई, येत नाही ते कसं लिहू? खोटं वाटतं,’ असं एकीने विचारलं होतं. तिला मी सांगितलं, हा खेळाचा नियम आहे. नियम आपण केलेला नाही, पण समोरचे सगळे तो पाळून खेळतायत.

परीक्षा घेणारे चुकतात हेही लक्षात ठेवा. डिसेंबर २०२४ च्या क्लॅटमधल्या काही उत्तरांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या निष्काळजीपणे प्रश्न काढले त्याबद्दल नाराजी व्यक्त केली आणि गुण दुरुस्त करायला लावले. उत्तरपत्रिका जाहीर झाल्यावर आक्षेप घेता येतो, पण प्रत्येक आक्षेपामागे पैसे भरावे लागतात. आपली मुलगी ‘छापलंय म्हणजे बरोबरच असेल’ म्हणून गप्प बसते. तिच्याबरोबर बसून ती उत्तरं तपासणं, वाटलं तर वर्गणी काढून आक्षेप नोंदवणं, हे गटाचं काम आहे.

आता पेपरच्या बाहेरचं काठिण्य. ते कुठल्याच निकालात मोजलं जात नाही.

पहिलं, नाव. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर तिसरंच. अर्जात एक नाव आणि कागदावर दुसरं असलं की प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. दुसरं, दाखले. जातीचा दाखला माहेरकडून लागतो. नॉन-क्रिमीलेअरसाठीही आई-वडिलांची परिस्थिती बघतात, नवऱ्याची नाही. ज्या बापाने लग्नानंतर बोलणं टाकलं, त्याच्याकडून कागद कसे मागायचे? हे आधी सहा महिने सुरू करा, निकालानंतर नाही.

तिसरं, शिक्षण. पदवीला ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्या बऱ्याच जणी इथे आहेत. नीट ऐका. दहावी-बारावी करून मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर चालते. बारावी न करता थेट पूर्वतयारी परीक्षेने पदवीला गेलात, तर बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे अडचण येते. ज्यांची शाळाच लग्नासाठी सुटली, त्यांच्यावर हा नियम नेमका बसतो. म्हणून अशा मैत्रिणींना मी आधी बारावी करायला सांगते.

चौथं, वय. त्याच नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ३० वर्षांची मर्यादा घातली होती. मुलं शाळेत जायला लागल्यावर ज्या बाईला पहिल्यांदा स्वतःसाठी दोन तास मिळतात, तिचं वय काय असतं? त्या मर्यादेवर बरेच वाद झाले. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. तेव्हा चाळिशीतल्या मैत्रिणींनी वयाचं कारण सांगायचं नाही. फ्लेविया अॅग्नेस मारहाणीच्या संसारातून बाहेर पडल्यावर कायदा शिकल्या आणि मग त्यांनी ‘मजलिस’ उभं केलं, हे आपल्याला माहीत आहे.

पाचवं, पैसे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. चांगली गोष्ट आहे. पण ती माफी मिळते केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलीला, मॅनेजमेंट कोट्यातून आलेलीला नाही. म्हणजे फी माफीचं दारही सीईटीच्या दाराच्या आतच आहे. म्हणून ही परीक्षा आपला प्रश्न आहे.

काही मैत्रिणी म्हणतील, मग परीक्षाच रद्द करा अशी मागणी का करत नाही? मी यावर बराच विचार केला. पदवीच्या गुणांवर प्रवेश दिले तरी क्लासवाल्यांची, पैसेवाल्यांची सरशी होतेच. आपल्या सीईटीत निदान मराठी आहे, दंड नाही, वयाची अट नाही, आणि नापास असा शिक्का नाही, फक्त क्रमांक आहे. म्हणून ती टिकवून सुधारायला लावावी असं माझं मत आहे. इंग्रजीचा वाटा कमी करा. मराठी भाषांतर माणसाला कळेल असं करा. आणि दर वर्षी निकालाबरोबर स्त्री-पुरुष, शाळेचं माध्यम, जिल्हा आणि प्रवर्ग अशी गुणांची फोड जाहीर करा. कोण कुठे गळतंय ते आकड्यांत दिसलं, तर ‘मुलींना कायदा जमत नाही’ हे कोणी म्हणणार नाही.

आणखी एक शंका. वकील बाई झाली म्हणजे ती आपल्या बाजूची होईलच का? नाही होणार. नवऱ्याच्या बाजूने उभी राहून बायकोला खोटं ठरवणारी वकीलही बाई असू शकते. म्हणून मुलीला परीक्षेला बसवून सोडून देऊ नका. तिचं गटात येणं चालू राहायला हवं.

शेवटी कामाचं सांगते आणि थांबते. प्रत्येक गटाने येत्या महिन्यात तीन गोष्टी करायच्या. आपल्या गल्लीत बारावी किंवा पदवी झालेल्या किती बायका-मुली आहेत, त्यांची यादी. त्यांतल्या ज्यांना बसायचंय त्यांच्या कागदांची तपासणी, नावापासून दाखल्यापर्यंत. आणि दर रविवारी दोन तास, संगणकावर, घड्याळ लावून सराव. माऊस हातात धरायची सवयही तिथेच होईल. त्या दोन तासांत तिची मुलं कोण सांभाळणार आणि परीक्षेच्या दिवशी तिच्या घरचा स्वयंपाक कोण करणार, तेही यादीत तिच्या नावासमोर लिहायचं. ही दोन नावं भरल्याशिवाय यादी पूर्ण झाली असं धरू नका.

आता प्रश्न विचारा.